शनी: सावकाश चालणारा

परभणीत पत्ता सांगताना 'शनिवार बाजार' सहज तोंडी येतो. त्यातल्या ग्रहाकडे कुणाचे लक्ष जात नाही. मूळ संस्कृत शब्द शनैश्चर. 'शनैः' म्हणजे हळू, 'चर' म्हणजे चालणारा. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे २९.५ वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत साधारण अडीच. तीन राशींची बेरीज झाली साडेसाती!

हिंदीत त्याचा 'सनीचर' झाला. फारसी 'शंबा' म्हणजेही शनिवारच, पण तो सब्बाथच्या कुळातला. शनीशी त्याचे नाते नाही.

मार्च २०२५मध्ये १२८ नव्या चंद्रांची भर पडून शनीचे चंद्र २७४ झाले. बोलीत मात्र 'शनी मागे लागला' हे आजही तगादेवाल्या सावकाराला आणि हलायचे नाव न घेणाऱ्या पाहुण्याला उद्देशूनच म्हटले जाते.