रोशा गवत

रोशा गवत : (तिखाडी, सिंबोपोगॉन मार्टिनी, कुल – पोएसी). मूळचे भारतीय, १.५ ते ३ मी. उंच वाढणारे सुगंधी बहुवर्षायू गवत. मोतिया व सोफिया हे दोन प्रकार. अत्तरात मान मोतियाला.

बी फारच बारीक, म्हणून थेट पेरणीपेक्षा रोपवाटिका बरी. मे-जूनमध्ये बी वाळूत मिसळून गादीवाफ्यावर उथळ पेरतात, झारीने हलके पाणी देतात आणि चार-सहा आठवड्यांची रोपे पावसाळ्यात लावतात. मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. बीदरच्या जांभ्या पठारावर निचरा सहज होतो. कलबुर्गीच्या काळ्या रानात तो मुद्दाम करावा लागतो.

फुलोऱ्यावरील पीक कापून ऊर्ध्वपातनाने तेल काढतात (पहा : बाष्पनशील तेले). जिरॅनिऑल हा त्याचा मुख्य घटक. १९व्या शतकात खानदेशातले हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई. तिथे ते गुलाबतेलात भेसळीला वापरत.