घरचा डॉक्टर आणि घराण्याचा आजार

एप्रिल 1872 मध्ये फिलाडेल्फियाच्या 'मेडिकल अँड सर्जिकल रिपोर्टर' या साप्ताहिकात कोरिया या आजारावर एक लेख छापून आला. कोरिया म्हणजे हातापायांच्या, चेहऱ्याच्या अशा हालचाली, ज्यांवर रुग्णाचा ताबा नसतो. लेखाचा बराचसा भाग लहान मुलांना होणाऱ्या नेहमीच्या कोरियाबद्दल होता. शेवटी मात्र लेखकाने आणखी एका प्रकाराचं वर्णन केलं. हा प्रकार न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला, मोजक्या घराण्यांमध्ये दिसतो, असं तो म्हणाला. लेखकाचं नाव जॉर्ज हंटिंग्टन. वय 22, डॉक्टर होऊन जेमतेम वर्ष झालेलं.

त्याने या आजाराच्या तीन खुणा सांगितल्या: तो वंशाने येतो, रुग्णाचा कल वेडाकडे आणि आत्महत्येकडे असतो, आणि तो प्रौढ वयातच डोकं वर काढतो. पुढे त्याने जे लिहिलं ते आज वाचतानाही थक्क व्हायला होतं. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलांपैकी कुणाला तरी तो बहुधा होतोच. पण एखादं मूल आयुष्यभर त्यातून सुटलं, तर धागा तुटतो. त्याच्या मुलानातवंडांना भीती नाही. आजार पिढी गाळून पुढे जात नाही.

आजच्या भाषेत हा प्रभावी जनुकाचा नियम. मेंडेलचा वाटाण्यांवरचा निबंध 1866 मध्ये छापून झाला होता, पण त्याकडे जगाचं लक्ष जायला 1900 साल उजाडलं.

मग नवशिक्या डॉक्टरला हे दिसलं कसं? हा आजार साधारण तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि पंधरा-वीस वर्षं चालतो. तो आजोबांकडून नातवाकडे जाताना पाहायला एका डॉक्टरचं आयुष्य पुरत नाही. जॉर्जकडे मात्र तीन आयुष्यं होती. त्याचे आजोबा एबल हंटिंग्टन यांनी 1797 मध्ये ईस्ट हॅम्प्टनला दवाखाना सुरू केला, वडिलांनी तो पुढे चालवला. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून रुग्णांकडे जाताना रस्त्यात दिसलेल्या, अंग पिळवटत चाललेल्या मायलेकी त्याला म्हातारपणीही आठवत होत्या. त्याच्या लेखाच्या हस्तलिखितावर वडिलांनी पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या आहेत. वाडवडिलांच्या निरीक्षणांशिवाय हे आपल्याला जमलंच नसतं, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. क्वचितच उगवणारा बग पकडायचा तर हुशारीपेक्षा जुने लॉग जास्त उपयोगी पडतात. हंटिंग्टन कुटुंबाकडे एकाच गावाचा पाऊणशे वर्षांचा लॉग होता.

आणि हे फक्त लाँग आयलंडवर घडलं नाही. नॉर्वेत सेटेसडालच्या खोऱ्यातल्या योहान लुंड या डॉक्टरने 1860 मध्येच असाच घराण्यातून उतरणारा आजार नोंदवला होता. व्हेनेझुएलात, माराकाइबोच्या सरोवराकाठी, 1950 च्या दशकात आमेरिको नेग्रेते या तरुण डॉक्टरला काही माणसं झिंगलेली वाटली. चौकशी केल्यावर कळलं, ती दारू नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांचा आजार होता. मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञाला एक रुग्ण दिसतो. वस्तीतल्या डॉक्टरला त्याची आई, काका आणि चुलतभावंडंही माहीत असतात.

पण घराण्याची माहिती वाईट हातातही पडते. त्याच लाँग आयलंडवर, कोल्ड स्प्रिंग हार्बरला, चार्ल्स डॅव्हनपोर्टने 1910 मध्ये सुप्रजननाचं नोंदणी कार्यालय उघडलं. एलिझाबेथ मन्सी या डॉक्टर बाईंनी घरोघर फिरून या आजाराच्या वंशावळी गोळा केल्या. त्यावरचा दोघांचा निबंध 1916 मध्ये आला, हंटिंग्टन वारला त्याच वर्षी. त्यात अशा लोकांच्या प्रजननावर सरकारने लक्ष ठेवावं, असा सूर होता. 1933 मध्ये नाझी जर्मनीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, तेव्हा त्यातल्या आजारांच्या यादीत हंटिंग्टनचा कोरियाही होता. डॉक्टरच्या मनातल्या वंशावळीत आणि सरकारी फायलीतल्या वंशावळीत माहिती तीच असेल. फरक ती कुणासाठी वापरायची याचा होता.

नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली. 1981 पासून त्या दरवर्षी माराकाइबोला जात राहिल्या. तिथल्या कुटुंबांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या मदतीने 1983 मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जनुकाचा माग लागला आणि 1993 मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडलं. दोष विलक्षण साधा आहे: सीएजी ही तीन अक्षरं एका जागी गरजेपेक्षा जास्त वेळा येतात. ती 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होणारच. एक रक्तचाचणी, एक आकडा.

आकडा मिळाला, पण औषध नव्हतं. आजार थांबवणारं औषध डॉक्टरांच्या हाती अजूनही नाही. त्यामुळे धोका असलेल्या बहुतेकांनी चाचणी केलीच नाही. स्वतः वेक्सलर यांनीही आपल्याला हा आजार असल्याचं जाहीरपणे सांगितलं ते 2020 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर.

त्याच वर्षी लंडनच्या उच्च न्यायालयात एका बाईच्या दाव्याचा निकाल लागला. तिच्या वडिलांना हंटिंग्टनचा आजार असल्याचं डॉक्टरांना कळलं, तेव्हा ती गरोदर होती. वडिलांनी मुलीला सांगायला नकार दिला आणि डॉक्टर गप्प राहिले. बाळंतपणानंतर तिला कळलं, आणि आपल्यातही ते जनुक असल्याचं चाचणीत निघालं. दावा ती हरली. पण रुग्णाचं गुपित एका पारड्यात आणि मुलीचं हित दुसऱ्या पारड्यात घालून तोलणं हे डॉक्टरांचं कर्तव्य होतं, हे न्यायालयाने मान्य केलं. ईस्ट हॅम्प्टनच्या डॉक्टरला असं तोलावं लागलं नसेल; आजार गावासमोर रस्त्याने चालत होता. आता तो लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी कागदावर येतो.

म्हणूनच ब्रिटनमध्ये 2003 च्या सरकारी श्वेतपत्रिकेनंतर जनुकशास्त्रात खास लक्ष घालणारे जीपी, म्हणजे आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर, तयार करायला सुरुवात झाली. त्यांचं काम जनुकं शोधण्याचं नाही. तीन पिढ्यांचा इतिहास नीट विचारायचा, कुणाला तज्ज्ञाकडे पाठवायचं ते ठरवायचं, चाचणीचा अर्थ सांगायचा आणि चाचणी नको म्हणणाऱ्याचं ऐकायचं.

आपल्याकडे हा प्रश्न दारात उभा आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल जुना आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासण्या होतात, कार्डं मिळतात, लग्नाआधी दोघांची कार्डं ताडून पाहा असं सांगितलं जातं. नुसता वाहक असलेला माणूस आजारी नसतो. आईवडील दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. हे दोन वाक्यांत सांगता येतं, पण ते कोण सांगतं यावर बरंच अवलंबून आहे. कार्ड हातात ठेवून पुढच्या गावी जाणारं पथक सांगतं, की त्या मुलीच्या आईचं बाळंतपण केलेला डॉक्टर? पहिल्या बाबतीत ते कार्ड मुलीचं लग्न मोडायचं कारण ठरू शकतं.

तपासणी यंत्र करतं, आणि ते स्वस्तही होत जाईल. घराणं ओळखणारा आणि त्या घराण्याच्या बाजूने उभा राहणारा डॉक्टर मात्र एका वर्षात घडत नाही. हंटिंग्टनांना तीन पिढ्या लागल्या होत्या.