भुकेलेल्या पेशी

घरात कुणाला "थायरॉईड आहे" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रोज सकाळची ती छोटी गोळी येते, बस्स. रक्तातलं आयोडीन टिपून त्याचं हार्मोन करायचं, हे या ग्रंथीचं काम. तिच्या या आयोडीनच्या हावेतूनच कॅन्सरवरचं एक औषध निघालं.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बॉस्टनमध्ये एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन डॉक्टरांपुढे बोलत होते. श्रोत्यांपैकी डॉ. सॉल हर्ट्झ यांनी विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? दोनच वर्षांत, १९३८ साली, बर्कलीला सीबोर्ग आणि लिव्हिंगूड यांनी आयोडीन-१३१ शोधलं. दर आठ दिवसांनी निम्मं होणारं, म्हणजे औषधाला सोयीचं.

आता कॅन्सरकडे येऊ. न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे हॉस्पिटलात डॉ. सॅम्युएल सायडलिन यांच्याकडे एक विचित्र रुग्ण आला. १९२३ साली त्याची थायरॉईड काढून टाकलेली, आणि लक्षणं मात्र थायरॉईड जास्त झाल्याची! ग्रंथीच नाही तर हार्मोन येतं कुठून? शरीरात पसरलेल्या कॅन्सरच्या गाठीच ते बनवत होत्या. म्हणजे त्या आयोडीनही खाणार. १९४३ साली त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि ते त्या गाठींत जाऊन बसलं. डिसेंबर १९४६ मध्ये हा अहवाल छापून आला.

पण हा रुग्ण अपवाद होता. बहुतेकांच्या गाठी आयोडीनकडे ढुंकूनही बघत नाहीत. मग त्यांना भुकेलं करायचं! ग्रंथी काढली, हार्मोनची गोळीही थांबवली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच भरपूर सोडते आणि उरलेल्या पेशी आयोडीन ओढू लागतात. सायडलिन आणि सहकाऱ्यांनी १९४८ साली असं मुद्दाम घडवून आणलेलं शोषण नोंदवलं.

किंमत रुग्ण मोजतो. काही आठवडे गोळी बंद म्हणजे थंडी, सूज, सुस्ती, उदास मन; वर आयोडीनचं मीठ आणि मासे वर्ज्य. (कोकणातल्या माणसाला दुसरी शिक्षा मोठी वाटेल!) धोकाही आहे, कारण टीएसएच शेवटी कॅन्सरलाच चेतवतं. गाठ मेंदूत किंवा मणक्यात असेल तर ती सुजून घात करू शकते.

प्रयोगशाळेत बनवलेल्या टीएसएचचं इंजेक्शन, थायरोजेन, यामुळे गोळी बंद करण्याचे हाल टळले. सलग दोन दिवस दोन सुया. अमेरिकेत १९९८ साली त्याला तपासणीसाठी आणि २००७ साली शस्त्रक्रियेनंतर उरलेली ग्रंथी जाळण्यासाठी परवानगी मिळाली. पसरलेला कॅन्सर मात्र या दोन्हींत नव्हता.

आणि काही पेशी आयोडीन घेण्याची विद्याच विसरतात. तिथे टीएसएच कितीही वाढवा, उपयोग नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या डॉक्टरांनी अशा २० रुग्णांना सेल्युमेटिनिब हे औषध देऊन पाहिलं. १२ जणांच्या गाठी पुन्हा जास्त आयोडीन घेऊ लागल्या. त्यांतल्या ८ जणांना उपचाराचा डोस देता आला.