लालबागची गॅस कंपनी ते महानगर गॅस : एक वाटचाल

मुंबईत पाइपने गॅस दोनदा आला. पहिल्यांदा तो लालबाग-परळच्या भट्ट्यांमध्ये कोळशापासून बनला, दुसऱ्यांदा समुद्राच्या तळाखालून उरणमार्गे आला. दिवा, चूल, टॅक्सी, बेकरी, एवढंच काय स्मशानभूमीपर्यंत या वाटचालीचे धागे पोहोचले आहेत. ती सांगताना बहुधा जोडण्यांचे आणि शेअरचे आकडे पुढे केले जातात. मला मात्र रस्त्याखालच्या नळांची राखण करणारी माणसं या कहाणीत सगळ्यांत महत्त्वाची वाटतात.

१८६५ च्या ऑक्टोबरमध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजारात गॅसचे पहिले दिवे लागले. दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे जाई, तशी बघ्यांची गर्दी त्याच्या मागोमाग चाले. हा गॅस पुरवणारी बॉम्बे गॅस कंपनी. लालबागमधल्या गॅस कंपनी लेनमुळे तिचं नाव आजही पत्त्यांवर टिकून आहे. हवा लागू न देता बंद भट्टीत दगडी कोळसा तापवायचा, निघालेला वायू धुऊन स्वच्छ करायचा आणि मोठ्या टाकीत साठवून नळांत सोडायचा, अशी तिची रीत. मागे उरे तो कोक, डांबर आणि अमोनिया, आणि यांतलं काहीच वाया जात नसे. अशाच गॅस कारखान्यांतल्या डांबरावर प्रयोग करताना लंडनच्या विल्यम पर्किनला १८५६ मध्ये जांभळा कृत्रिम रंग सापडला आणि त्यातून रंगांचा अवघा उद्योग उभा राहिला. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नरही याच गॅसचा. हायडेलबर्गमध्ये कोळशाच्या गॅसचे नळ आले आणि बुन्सेनने त्यावर चालेल असा धूर न करणारा बर्नर करून घेतला.

विजेने गॅसला लगेच हटवलं, असं मात्र झालं नाही. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण ते लावणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसकडे वळलं. वीज मुंबईत खऱ्या अर्थाने रुजली ती १९०५ नंतर. मग गॅस रस्त्यावरून हळूहळू स्वयंपाकघराकडे सरकला.

कोळशाचा गॅस ओलसर. नळांच्या सखल भागांत पाणी साचे आणि साचलं की पुरवठा अडे. ते पाणी पंपाने उपसण्यासाठी कंपनीचं वेगळं खातंच होतं. या कामाला रविवार ठाऊक नव्हता. आठवड्याची पगारी सुट्टी मिळावी म्हणून या कामगारांनी दिलेला लढा साठच्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कामगारांना त्यांची थकबाकी मिळाली, आणि गोपाळ भिवा या कामगाराच्या नावाने तो खटला कामगार कायद्यात आजही आधाराला घेतला जातो. गिरणगावाबद्दल भरभरून लिहिणाऱ्या मराठीने गॅस कंपनीच्या या कामगारांकडे मात्र पाहिलं नाही, याची मला खंत वाटते.

तोवर बाजारात सिलिंडर आला होता. १९५५ मध्ये बर्मा शेलने मुंबईत ‘बर्शेन’ या नावाने स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. नळ नको, खोदकाम नको. पुढे ‘गॅसचा नंबर लावणं’ हे मध्यमवर्गीय घरांतलं वर्षानुवर्षांचं काम होऊन बसलं. कोळशापासून गॅस करणं परवडेनासं झालं आणि लालबागच्या भट्ट्या थंडावल्या.

दुसऱ्या पर्वाची सुरुवात समुद्रात झाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकाम रिगला बॉम्बे हाय क्षेत्रात तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर गॅसही वर येत होता, पण तो घ्यायला पुरेसे ग्राहक नव्हते. त्यामुळे ऐंशीच्या दशकातही त्यातला बराच गॅस समुद्रातच जाळून टाकावा लागे. बाकीचा उरणला यायचा आणि त्यावर वीज तयार व्हायची, ट्रॉम्बे आणि थळच्या कारखान्यांत युरिया बनायचा. शेतातल्या खताच्या गोणीतला नायट्रोजन हवेतला असतो, पण त्याला अमोनियात बांधायला लागणारा हायड्रोजन या गॅसमधून काढतात. कोकणच्या किनाऱ्यावरचा गॅस विदर्भ-मराठवाड्याच्या शेतात पोहोचला तो असा.

घरोघरी आणि वाहनांना गॅस देण्यासाठी ८ मे १९९५ रोजी महानगर गॅस लिमिटेडची स्थापना झाली. गेल आणि ब्रिटिश गॅस हे तिचे मुख्य भागीदार, पुढे राज्य सरकारचाही वाटा आला. कंपनीला खरा रेटा मिळाला तो मुंबईच्या धुरामुळे. धुराने त्रासलेल्या रहिवाशांनी १९९९ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, उपाय सुचवण्यासाठी लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणण्याचा रस्ता मोकळा झाला. पद्मिनी टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी बसली, प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या. टॅक्सीवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण इंधनाचा खर्च उतरल्यावर तेच पंपावर रांगा लावू लागले. २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, २०१९ मध्ये ब्रिटिश गॅसचा वारसा सांगणारी शेल बाहेर पडली. आज तिच्या घरगुती ग्राहकांची संख्या २० लाखांच्या पुढे आहे.

एकच गॅस, पण त्याचा दाब जागोजागी वेगळा. सीएनजीच्या टाकीत तो २०० बारने कोंबलेला असतो. शेगडीपाशी येतो तेव्हा त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त असतो. या उतरंडीत रस्त्याखालचे पॉलिथिलीनचे नळ येतात. त्यांचे जोड लावताना एकदा थांबून पाहावं. कामगार आधी नळाच्या टोकावरचा पातळ थर खरवडून काढतो, कारण मळलेलं प्लास्टिक एकजीव होत नाही. मग दोन्ही टोकं एका जोडात बसवतो. जोडाच्या पोटात तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की प्लास्टिक वितळून सांधलं जातं. आता जोड पुरता थंड होईपर्यंत पकड काढायची नाही. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत असतात, खड्डा बुजवण्याची घाई असते, तरीही थांबायचं. घाईत पकड काढलेला जोड वरून पक्का दिसतो आणि आतून कच्चा राहतो.

पुढची कसोटी बेकऱ्यांची आहे. लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्या, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. निर्णय योग्यच आहे, मोडीतल्या रंगीत-पॉलिशच्या लाकडाचा धूर वस्तीने का सोसावा? पण भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या बेकरीवाल्याला झेपणारा नाही. महापालिकेने आणि गॅस कंपनीने त्याला हात दिला नाही, तर मुंबईचा स्वस्त पावच महागेल.

आणि हे सगळं किती नाजूक आहे, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये कळलं. ट्रॉम्बेत आरसीएफ या खत कंपनीच्या आवारात तिसऱ्याच कोणाच्या तरी कामामुळे गेलच्या मुख्य वाहिनीला इजा झाली, महानगर गॅसच्या वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा गॅस घटला, आणि सीएनजी पंपांवर रिक्षा-टॅक्सी तासन्‌तास ताटकळल्या. घरगुती पुरवठ्याला अग्रक्रम दिल्यामुळे चुली पेटत्या राहिल्या.

म्हणून पुनर्विकासाची, पाण्याच्या लाइनची वा केबलची कामं काढणाऱ्या प्रत्येक सोसायटीला आणि कंत्राटदाराला विनंती आहे : फावडं लावण्याआधी गॅस कंपनीला कळवा, त्यांचा माणूस येऊन नळाची जागा दाखवेपर्यंत थांबा. आणि घरात उग्र वास आला, तर विजेच्या कुठल्याच बटणाला हात लावू नका. मुळात या गॅसला वास नसतो, गळती कळावी म्हणूनच तो मुद्दाम मिसळलेला असतो. शेगडीचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मगच आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तो क्रमांक गॅसच्या बिलावर छापलेला असतो. आजच पाहून ठेवा.