तिबोटी खंड्याचे छायाचित्रण : अंतर, प्रतीक्षा आणि संस्करण

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील दाट रानांत, ओहोळांच्या काठी, एक चिमुकला पक्षी विणीसाठी अवतरतो. चोचीसह त्याची लांबी जेमतेम १२ ते १४ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहूनही कमी. प्रवाळासारखी लाल चोच, नारिंगी-पिवळे पोट, निळसर काळे पंख आणि माथ्यापासून शेपटीपर्यंत पसरलेली जांभळट झाक असे त्याचे रूप आहे. बहुतेक पक्ष्यांच्या पायाला चार बोटे असतात, याला तीनच. म्हणून हा तिबोटी खंड्या. इतके रंग अंगावर असूनही तो सहसा दिसत नाही. बारीक, तीक्ष्ण शीळ ऐकू येते, सावलीतून रंगाची एक रेघ सरकते आणि रान पुन्हा हिरवे होते.

हा लाजाळू पक्षी वर्षातून काही आठवडेच एका जागी बांधलेला असतो. ओढ्याकाठच्या किंवा पायवाटेलगतच्या मातीच्या उभ्या दरडीत तो सुमारे एक मीटरपर्यंत लांबीचा बोगदा खणतो. चार-पाच अंडी, सुमारे १७ दिवस उबवण आणि पुढे सुमारे २० दिवस पिलांचे संगोपन असा हा क्रम असतो. नर आणि मादी दोघेही त्यात राबतात. पाली, सापसुरळ्या, बेडूक, कोळी, लहान खेकडे यांची ने-आण दिवसभर चालते आणि बोगद्यात शिरण्यापूर्वी पक्षी बहुधा ठरलेल्या एकाच फांदीवर टेकतो. छायाचित्रकाराला हवी असते ती नेमकी हीच फांदी. पक्षी सर्वांत सहज सापडतो तो काळ आणि त्याला सर्वांत जास्त इजा पोहोचू शकते तो काळ, हे दोन्ही एकच आहेत. या पक्ष्याच्या छायाचित्रणातील सगळी अडचण येथून सुरू होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीची व्याख्या पुष्कळांना ठाऊक नसते. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही त्या व्याख्येत येते. त्यासाठी बंदूक लागत नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करायचा तर त्याच कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. परंतु दरडीसमोरची झुडपे छाटून 'दृश्य मोकळे' करणे, सोयीची फांदी रोवणे, ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणे हे प्रकार परवाना खिशात असूनही घडतात. छाटलेल्या झुडपांनी बोगद्याचे तोंड कॅमेऱ्याला जसे दिसते, तसेच ते सापाला आणि भारद्वाजालाही दिसू लागते.

आपण फार जवळ आहोत हे पक्षी स्वतःच सांगतो. चोचीत भक्ष्य असताना तो फांदीवर डोके खालीवर करीत बसून राहिला, बोगद्याकडे न जाता जागा बदलू लागला, किंवा भक्ष्य घेऊनच परतला, तर माणसाने मागे सरावे. किती, याला मीटरमध्ये उत्तर नाही. पक्षी विनासंकोच आत-बाहेर करू लागेल इतके. खंड्याकुळातील पक्षी पिलासाठी आणलेले भक्ष्य बहुधा डोके बाहेरच्या बाजूला ठेवून धरतात, म्हणजे पिलाला ते थेट गिळता येते. त्यामुळे चोचीतला घास कोणासाठी आहे हे निरीक्षकाला दुरूनही ओळखता येते आणि त्या क्षणी पक्ष्याला किती वेळ अडवले जात आहे, याचा हिशेबही लागतो.

माणसाची आकृती लपवणे हा जुना उपाय. ब्रिटनमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून त्यात शिरून पक्षी टिपले होते. आज हिरवट कापडाचे लपण पुरते, मात्र ते घरटे वसण्यापूर्वी किंवा बऱ्याच अंतरावर उभारावे. चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून हिंडताना खारफुटीतले पक्षी माणसांना बरेच जवळ येऊ देतात, कारण होडीची आकृती त्यांच्या परिचयाची असते; त्याच जागी कोणी चिखलात उतरून चालू लागला तर ते उडून जातात. रानातल्या ओढ्यावर होडी नसते. तिथे आधार असतो तो स्तब्ध बसण्याचाच, आणि जळवांचा जाच सोसण्याचाही.

पावसाळी रानात प्रकाश फारच कमी. अशा वेळी ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर ठेवून, एफ ५.६ च्या आसपास, १/६० ते १/१२५ सेकंद शटर आणि ३२०० किंवा त्याहून अधिक आयएसओ घ्यावा लागतो. हे शटर उडत्या पक्ष्यासाठी निरुपयोगी आहे. परंतु तिबोटी फांदीवर टेकल्यावर क्षणभर निश्चल होतो आणि तेवढे पुरते. फ्लॅश टाळावा. आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर उपकारक ठरते, मात्र जलद हालचालीत त्याने आकृती वाकडी येऊ शकते.

दूर राहिल्याने प्रतिमेत पक्षी लहान येतो, ही तक्रार नेहमीची. अंतर दुप्पट झाले की पक्ष्याची लांबी निम्मी होते. पण २४ मेगापिक्सेलच्या प्रतिमेतून लांबी-रुंदी निम्मी कापून घेतली तरी सहा मेगापिक्सेल, म्हणजे सुमारे ३००० गुणिले २००० बिंदू उरतात. संगणकाच्या सामान्य पडद्याला आणि ए-४ आकाराच्या छपाईला ते पुरेसे आहेत. पुढे टाकायची पावले संस्करणाच्या टेबलावर टाकता येतात, हा डिजिटल छायाचित्रणाचा मोठा लाभ आहे आणि त्याचा उपयोग फारच थोडे लोक या अर्थाने करतात.

संस्करणात सर्वांत फसवा आहे तो रंग. पानांतून गाळून आलेल्या प्रकाशाने संपूर्ण प्रतिमेवर हिरवी छटा चढते. ती काढण्यासाठी किरमिजीकडे सरकावे लागते आणि नेमकी तीच सरक या पक्ष्याची जांभळी झाक खोटी भडक करते. म्हणून रॉ स्वरूपात चित्र घेऊन पक्ष्याच्या गळ्यावरचा पांढरा भाग तटस्थ मानावा, त्यावरून समतोल ठरवावा आणि नंतर जांभळ्या रंगाची तीव्रता वाढवण्याचा मोह आवरावा. दुसरी खोड लाल चोचीची. एकूण हिस्टोग्राम निर्दोष दिसत असतानाही केवळ लाल रंगाची वाहिनी भरून वाहते आणि चोच सपाट, प्लॅस्टिकची वाटू लागते. टिपतानाच प्रकाश एक-तृतीयांश टप्प्याने कमी ठेवल्यास चोचीवरील बारकावे टिकतात.

जास्त आयएसओमुळे येणारे दाणे घालवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज सर्रास वापरली जातात. पार्श्वभूमीवर ती चालवायला हरकत नाही. पिसांवर मात्र ती नसलेले तंतू रेखाटतात, आणि पक्षिशास्त्राच्या दृष्टीने ते चित्र निकामी होते. आडवी आलेली काडी पुसणे ही सजावट. ते केले असेल तर तसे नमूद करावे. प्रतिष्ठित वन्यजीव स्पर्धांत मूळ रॉ फाइल मागितली जाते ती याचसाठी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या स्पर्धेत २०१७ मध्ये गौरवलेल्या एका चित्रातील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याच्या निष्कर्षावरून पुढच्या वर्षी ते चित्र अपात्र ठरले.

शेवटचे काम प्रसिद्धीपूर्वीचे. मोबाइल आणि अनेक कॅमेरे चित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदवतात. ते काढून टाकावेत आणि स्थळ म्हणून तालुक्याचे नावच द्यावे. पहिली पिले उडाल्यानंतर तिबोटी त्याच हंगामात दुसरी वीणही घालू शकतो. त्यामुळे जूनमध्ये टिपलेले चित्र ऑक्टोबरपर्यंत संगणकातच राहिले तर उत्तम.