भुवाजींची ध्वनिफीत आणि भाटाची वही

आपल्या समाजात घराण्याचा इतिहास म्हटला की प्रथम भाटाची अथवा कुलगुरूंची वही पुढे येते. गोत्र, मूळ गाव, कुलदेवी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरुषांची नावे तीत क्रमाने असतात. ओसवालांची परंपरा तर आपला उगम ओसियाँ नगरीत रत्नप्रभसूरींनी वीर निर्वाण संवत ७० मध्ये, म्हणजे इ. स. पूर्व ४५७ च्या सुमारास, केलेल्या उपदेशापर्यंत नेते. श्रद्धेचा तो विषय निराळा. ओसियाँच्या महावीर मंदिराची उभारणी इसवी सनाच्या आठव्या शतकातील मानली जाते. मधल्या शतकांची साखळी वहीतील नावांनी जुळत नाही.

आमच्या घरी सुदैवाने दुसरेही एक साधन आहे. वडिलांच्या थोरल्या भगिनींना सारे घर भुवाजी म्हणे. इन्फ्लुएंझाच्या साथीच्या साली, १९१८ मध्ये, त्यांचा जन्म झाला. त्यांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी तीन ध्वनिफितींवर मुद्रित केलेल्या आहेत. बोली अर्धी मारवाडी, अर्धी नगरी. प्रत्येक हकिकतीपूर्वी ती आपणांस कोणी सांगितली याचा त्या उल्लेख करीत. इतिहासाच्या अभ्यासकासही ही शिस्त नेहमी साधत नाही!

आमचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेस रसद पुरवीत दक्षिणेत आले, अशी एक कथा लग्नकार्यांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाई. भुवाजींनी ती साफ नाकारली. खापरपणजोबा लोटा-डोर घेऊन मारवाडातून पायी आणि उंटांच्या तांड्याबरोबर आले, नात्यातील एका दुकानी गुमास्ता राहिले आणि कित्येक वर्षांनी त्यांनी नगर जिल्ह्यातील एका खेड्यात स्वतःचे दुकान घातले, एवढेच त्या सांगत. दुकानात धान्य, कापड, मीठ असे. खरी मिळकत मात्र सावकारीची होती.

हा शेवटचा शब्द सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत टाळण्याकडे आपला कल असतो. भुवाजींनी तो टाळला नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. जिवावरचे हल्ले थोडेच झाले. आमच्या दुकानातील खते चावडीसमोर जाळण्यात आली. ही हकिकत भुवाजींना त्यांच्या दादीसांनी, म्हणजे माझ्या पणजीने, सांगितली होती आणि दादीसांनी ती आपल्या पतीकडून ऐकली होती. जाळणाऱ्यांची नावे दादीसांना ठाऊक होती. ती माणसे पुढेही त्याच दुकानी येत राहिली.

दादीसा स्वतः या दंग्यानंतर आल्या. मनमाडला गाडी बदलून आपण नगरला उतरलो, असे त्या नातीला सांगत. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तेव्हा त्यांचे आगमन त्यापूर्वीचे असू शकत नाही. तोवर घरची पुरुषमंडळी दक्षिणेत आणि बायका ‘देसात’, अशीच बहुतेक कुटुंबांची विभागणी असे. रेल्वेमुळेच ही घरे इकडे खऱ्या अर्थाने वसली, असे मला वाटते.

भाटाच्या वहीत पणजोबांनंतर थेट आजोबांचे नाव येते. वस्तुतः पणजोबा प्लेगच्या पहिल्या साथीत वारले, त्या वेळी आजोबा सहा वर्षांचे होते. पुण्यात प्लेग १८९७ साली फैलावला, त्याच सुमाराची ही गोष्ट. मग मधली दहा-बारा वर्षे दुकान कोणी चालविले? वही याविषयी मौन पाळते. भुवाजींचे उत्तर निःसंदिग्ध आहे: दादीसांनी. पडद्याआड बसून त्या जुन्या मुनीमाकडून रोजमेळ वाचून घेत आणि बेरीज तोंडी तपासीत.

याच काळात ‘छप्पनिया’ आला. संवत १९५६ चा हा दुष्काळ १८९९-१९०० मध्ये मारवाडाबरोबर आपल्याकडेही पडला. (उत्तरेकडील पंचांगात संवत चैत्रात बदलतो, दुकानाच्या वह्या मात्र दिवाळीस बदलत, आठवणींतील संवताचे इसवी सन काढताना हा फरक ध्यानी घ्यावा लागतो.) मारवाडातून आलेली नातलग मंडळी कित्येक महिने दारी जेवत होती. दोन कुळांचे कर्ज दादीसांनी सोडले. एका कुळाची जमीन मात्र त्याच वर्षी आमच्याकडे आली. भुवाजींनी दोन्ही गोष्टी एकाच स्वरात सांगितल्या आहेत.

केवळ स्मृतीवर विसंबू नये म्हणून जुनी पेटी पाहिली. १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकापुढे नोंदवावे लागे. तसेच एक खत पेटीत मिळाले. त्यात धनकोच्या जागी अज्ञान आजोबांचे नाव असून पुढे ‘अज्ञान पालनकर्ती आई’ असे लिहून दादीसांचे नाव दिले आहे. खाली डाव्या अंगठ्याची निशाणी आहे.

भुवाजींनी तिन्ही ध्वनिफितींत हे नाव कोठेही उच्चारलेले नाही. वडीलधाऱ्यांचे नाव घेण्याची रीत नव्हती आणि बहुधा त्यांना ते माहीतही नसावे. आठवणीत कर्तृत्व राहिले, मुद्रांकावर नाव राहिले आणि वहीत दोन्ही नाहीत.

लेखासोबत छापलेल्या वंशवृक्षात ते नाव आता पणजोबांशेजारी घातले आहे. घरातील लेकी कोणत्या गावी, कोणत्या गोत्रात दिल्या, हेही भुवाजींच्या सांगण्यावरून भरले आहे. पाळण्यातच गेलेल्या मुलींची नावे त्यांना आठवत नव्हती, संख्या आठवत होती. चार. वंशवृक्षात त्यांच्यासाठी चार रिकाम्या चौकटी ठेवल्या आहेत.