शेतजमीन खरेदी : इसार देण्यापूर्वी काय तपासावे?

सातबारा पाहिला, भाव जमला की लगेच इसार देण्याची घाई होते. मध्यस्थही ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असे सांगतो. पण व्यवहारातील बहुतेक अडचणी इसार दिल्यानंतर बाहेर येतात आणि अडकलेली रक्कम परत मिळवणे कठीण जाते. म्हणून पुढील तपासणी इसारापूर्वीच पूर्ण करावी.

सर्वसाधारणपणे शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो. आपल्या नावाचा सातबारा किंवा आठ-अ उतारा हाताशी ठेवा. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला कुळ कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

कागदपत्रे कशी वाचावीत?

चालू सातबारा, आठ-अ आणि सर्व जुने फेरफार एकत्र पहा. विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा स्वतः काढा.

- भोगवटादार वर्ग : वर्ग 1 ची जमीन सहसा विकता येते. वर्ग 2 असल्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते का, नजराणा किती व तो कोण भरणार, हे आधी ठरवा.
- इतर हक्क : बँक किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ किंवा ‘हस्तांतरणास बंदी’ असे शेरे येथे सापडतात. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले तरी बोजा कमी झाल्याचा फेरफार पहा.
- आदिवासी खातेदार : आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. पूर्वी ती आदिवासी खातेदाराकडे होती का, हे जुन्या फेरफारांवरून तपासा.
- क्षेत्र : 0.80 हे.आर म्हणजे सुमारे 2 एकर. त्यात 0.20 पोटखराबा असेल तर लागवडीखाली सुमारे दीड एकरच राहतो. भाव कोणत्या क्षेत्रावर ठरला, ते स्पष्ट करून घ्या.
- तुकडेबंदी : ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे व बागायतीसाठी 10 गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा घेण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करा.

सातबारा कोरा असला म्हणजे जमीन निर्वेध आहे असे नाही. चालू दावा, नोंद न झालेले साठेखत किंवा मृत्युपत्र त्यावर दिसेलच असे नाही. त्यासाठी वकिलामार्फत मागील 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि स्थानिक न्यायालयात दावा आहे का, ते पहा.

हिस्सेदारांची संमती

समजा, 1 हेक्टर 20 आर सामाईक क्षेत्रावर चार भावंडांची नावे आहेत. त्यांपैकी एकजण रस्त्यालगतचे 30 आर ‘माझ्या वाट्याचे’ म्हणून दाखवतो. रीतसर वाटप झालेले नसेल तर तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा, ठरावीक तुकडा नव्हे. उद्या वाटपात तुमच्या वाट्याला रस्त्याची बाजू येईलच असे नाही. आधी वाटप नोंदवून घ्यावे किंवा सर्वांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात.

वारसनोंदीत बहिणींची नावे वगळली आहेत का, हे आवर्जून विचारा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. अज्ञानाच्या नावावरील जमीन पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

शिवारात जाऊन काय पहावे?

1. मोजणी : भूमि अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. सातबाऱ्यावरील क्षेत्र आणि बांधाच्या आतील क्षेत्र यांत फरक असू शकतो.
2. रस्ता : शेजारी सध्या जाऊ देतो, एवढ्यावर थांबू नका. गाव नकाशात रस्ता आहे का, ते पहा. नसल्यास हक्काचा उल्लेख लेखी हवा.
3. ताबा : जमीन प्रत्यक्षात कोण कसतो, हे शेजाऱ्यांना विचारा. पीकपाहणीतील नाव आणि कसणारा वेगळा असेल तर खुलासा घ्या.
4. पाणी : विहीर, बोअरची खरी क्षमता एप्रिल-मे महिन्यांत कळते. सामाईक विहीर असल्यास पाळी, मोटार आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, ते लिहून घ्या.
5. माती : दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पहा. फळबाग करायची असेल तर हे फार महत्त्वाचे. माती व पाणी दोन्हींचे नमुने तपासून घ्या. सामू 8.5 पेक्षा जास्त आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून अधिक असल्यास जमीन चोपण आहे. सुधारणेचा खर्च भावातून वजा धरा.

इसार आणि खरेदीखत

इसाराची रक्कम लहान ठेवा व बँकेमार्फत द्या. करारात गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र, मुदत, परवानगी व बोजा फेडण्याची जबाबदारी आणि व्यवहार फिसकटल्यास रक्कम कधी परत मिळेल, हे लिहा. नुसत्या इसार पावतीने मालकी मिळत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते.

मध्यस्थाचा मोबदला व्यवहार झाला तरच मिळतो, हे लक्षात ठेवा. त्याची दलाली आधीच ठरवा आणि शक्यतो खरेदीखताच्या दिवशी द्या. जमिनीच्या भावाची खात्री त्याच्या शब्दावर न करता, जवळपासच्या अलीकडील खरेदीखतांच्या सूची क्रमांक 2 वरून करा.

खरेदीखतानंतर

फेरफाराची नोंद लागली का, ते पहा. हितसंबंधितांना हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आपल्या नावाचा नवा सातबारा हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. बँकेचे पीककर्ज, पीकविमा आणि शासकीय योजना त्यावरच अवलंबून असतात.

कृषी सहायकांनी जमीन घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला माती-पाणी तपासणीबरोबरच सातबाऱ्यातील ‘इतर हक्क’ वाचून दाखवावेत. शंका निघाल्यास इसार थांबवून आधी तलाठी व वकिलाचा सल्ला घेण्यास सांगावे.